वर्गमूळाच्या दोन पद्धती : आसन्नमान आणि स्थानक्रम

प्राचीन भारतीयांस वर्गमूळ काढण्याची रीत अवगत होती, एवढे विधान इतिहासदृष्ट्या पुरेसे नाही. कारण 'रीत' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न प्रकृतींच्या पद्धती येतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयात काही चुकीचे निष्कर्ष रूढ झाले.

पहिली पद्धत आसन्नमानाची होय. बौधायन शुल्बसूत्रात द्विकरणीचे, म्हणजे एकक चौरसाच्या कर्णाचे, मान १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) असे दिले आहे. हे मान ५७७/४०८ इतके भरते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ असून ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८ आहे; अंतर केवळ एकाचे. या मानास 'सविशेष' ही संज्ञा आहे. वेदी रचणाऱ्यास दोरीने मोजता येईल त्याहून हे मान कितीतरी सूक्ष्म आहे.

हीच दृष्टी बक्षाली हस्तलिखितात सामान्य नियमाच्या रूपाने आढळते. मर्दानजवळील बक्षाली येथे १८८१ साली सापडलेल्या या भूर्जपत्रांतील नियम असा : जवळच्या वर्गाचे मूळ घ्यावे, शेषास मुळाच्या दुपटीने भागून फल मुळात मिळवावे, नंतर त्या फलाच्या वर्गास सुधारलेल्या मुळाच्या दुपटीने भागून येईल ते वजा करावे. उदाहरणार्थ, ४१ चे जवळचे मूळ ६ व शेष ५. प्रथम ६ ५/१२ मिळते. दुसऱ्या संस्कारानंतर ६·४०३१३९ येते. खरे मान ६·४०३१२४ आहे. या हस्तलिखिताचा काळ मात्र वादग्रस्तच राहिला. जी. आर. के यांनी ते बाराव्या शतकातील मानले, तर २०१७ साली जाहीर झालेल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या परीक्षेत तीन पत्रांचे तीन निरनिराळे काळ निघाले आणि त्या निष्कर्षांवरही तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. म्हणून या नियमावर कालक्रमाची इमारत उभारणे धोक्याचे आहे.

दुसरी पद्धत स्थानक्रमाची. इ. स. ४९९ हा ज्याचा निर्दिष्ट काळ, त्या आर्यभटीयाच्या गणितपादात एका आर्येत ती सांगितली आहे. विषम स्थाने ती वर्गस्थाने व सम स्थाने ती अवर्गस्थाने. ६२५ मध्ये ६ मधून २ चा वर्ग वजा करता २ उरतात. पुढील अंक घेऊन झालेल्या २२ ला मुळाच्या दुपटीने, म्हणजे ४ ने, भागता ५ येतात व २ उरतात. अखेरीस २५ मधून ५ चा वर्ग वजा होऊन मूळ २५ ठरते. येथे अंदाजास वाव फार थोडा. एकेक अंक निश्चित होत जातो.

हा नियम बीजगणितीय स्वरूपाचा असून अलेक्झांड्रियाच्या थिऑनच्या रीतीसारखा आहे, असे के यांचे मत होते. विभूतिभूषण दत्त व अवधेश नारायण सिंह यांनी आपल्या १९३५ च्या ग्रंथात ते अमान्य केले. दोन्ही रीती बेरजेच्या वर्गाच्या एकाच सूत्रावर उभ्या आहेत, हे खरे. परंतु थिऑनने ४५०० चे मूळ काढताना ६७ हा पूर्णांक एकदम घेऊन पुढील भाग षष्ट्यंशांत, ४ व ५५ असे, काढले. आर्यभटाचा नियम दशमान स्थानपद्धतीवाचून उच्चारताही येत नाही. मूलतत्त्वाच्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. आणि या आर्येचे खरे महत्त्व स्थानमानाच्या प्रचाराचा पुरावा म्हणून आहे.

पुढे या दोन पद्धतींचा संगम झालेला दिसतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अवर्गाचे आसन्न मूळ काढण्यासाठी छेद व अंश यांच्या गुणाकारास मोठ्या वर्गाने गुणून मूळ घेण्यास सांगितले आहे. १६९/८ साठी १३५२ ला १०,००० ने गुणून ३६७७ हे जवळचे मूळ व त्यास ८०० ने भागून ४ ४७७/८०० हे उत्तर येते. स्थानक्रमाची रीत येथे आसन्नमानाच्या सेवेस लागली आहे. पाटण येथे १२०७ च्या शिलालेखानुसार ज्या मठात भास्करीय ग्रंथांचे अध्ययन चाले, तेथील विद्यार्थ्यांपुढे हीच संयुक्त परंपरा होती. तिचे घटक वेगळे ओळखल्यावाचून तिचा इतिहास लिहिता येणार नाही.