नदी कुणाची, वाळू कुणाची : गौण खनिजांच्या दंडाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, नदीतली वाळू उचलली तर ती चोरी कशी? नदी काय कुणाच्या बापाची आहे?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की आज ज्या विषयावर बोलायचं आहे त्याचं मूळच या प्रश्नात आहे. चोरी म्हणायची तर आधी मालक पाहिजे. आणि वाळू, मुरूम, दगड, माती यांना मालक कसा आणि कधी मिळाला, याचा इतिहास म्हणजेच त्यांच्या दंडाचा इतिहास.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात खाणींवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आकराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. ज्या खाणीला फार खर्च येतो ती हिश्श्यावर किंवा भाड्याने द्यावी, हलकी असेल ती राजाने स्वतः चालवावी, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे लीज आणि सरकारी खाण, दोन्ही आले. आणि दंड? रत्नं सोडून इतर खनिज चोरणाऱ्याकडून आठपट वसूल करावं. परवानगीशिवाय खाणकाम करून पोट भरणाऱ्याला बांधून कामाला लावावं. हा आठपटीचा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला तो परत लागणार आहे.

मधली शतकं मी सोडून देतो. आपल्याकडचा सध्याचा कायदा ज्या मुळातून आला, ते मूळ १८७९ सालचं आहे. मुंबई जमीन महसूल संहिता. तिच्या ३७ व्या कलमाने रस्ते, खाड्या, नद्यांची पात्रं, नाले, तळी, म्हणजे ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नाही असं सगळं, सरकारचं ठरवलं. जमिनीतल्या खनिजांवरचा सरकारचा हक्कही त्याच संहितेने राखून ठेवला. गावाची म्हणून जी नदी होती तिचं पात्र कागदावर सरकारचं झालं. गावकऱ्यांना ते कळलं नसेल, कारण घागरी भरायला कुणी अडवलं नाही आणि बैलगाडीभर वाळूलाही बहुधा नाही.

आता फौजदारी बाजू. भारतीय दंड संहितेत चोरी फक्त जंगम वस्तूची होत असे. जमीन कशी चोरणार? मग जमिनीतून खणून काढलेली माती? यावर तेव्हा न्यायालयांत खरोखरच वाद झाला, आणि १८९१ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की माती, दगड, खनिज जमिनीपासून वेगळं झालं की ते जंगम होतं, म्हणून त्याची चोरी होऊ शकते. मला हा निर्णय फार आवडतो. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण वस्तूचं स्वरूप फावड्याच्या एका घावाने बदलतं असं इतक्या सहजपणे मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५७ साली खाण आणि खनिज कायदा आला. त्यात 'गौण खनिज' ही कोटी आहे: इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू, आणि केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल ते. त्यांचे नियम करायचा अधिकार १५ व्या कलमाने राज्यांना दिला. मीमांसेत 'गौण' म्हणजे मुख्यार्थ सोडून घेतलेला अर्थ. इथे गौण म्हणजे लोखंड, मँगनीज, कोळसा यांच्या मानाने दुय्यम. त्या काळी ते खरंही असेल. पण शहरं वाढली, काँक्रीट आलं, धरणं, पूल, उड्डाणपूल आले, आणि गौण ते मुख्य झालं. कायद्यातला शब्द मात्र तोच राहिला, आणि मला वाटतं दंड बराच काळ त्या शब्दाच्या मापाने मोजला गेला.

महाराष्ट्रात १९६६ ची जमीन महसूल संहिता, कलम ४८. विनापरवाना खनिज काढलं, हलवलं, गोळा केलं, विल्हेवाट लावली, तर तहसीलदार किंवा त्यावरचा अधिकारी दंड करू शकतो. या कलमातला एक तुकडा मजेदार आहे. शेतातून, बांधातून खनिज काढणं त्यात येतंच, आणि ते 'बांध दुरुस्तीच्या किंवा बांधकामाच्या सबबीखाली असो किंवा इतर कोणत्याही' अशा अर्थाची कंसातली पुस्ती तिथे आहे. म्हणजे लोक कोणती सबब सांगतात हे माहीत होतं, आणि ती सबबच कायद्यात लिहून ठेवली. महसूल खात्याचा अनुभव तो!

दंड किती? आधी बाजारभावाच्या तिपटीपर्यंत, पुढे पाचपटीपर्यंत. कौटिल्याची आठपट होती. आकडा वाढवला तरी भागेना, कारण हिशेब सोपा आहे. समजा, माणूस दहा खेपा करतो आणि एकदा सापडतो. नऊ खेपांचे पैसे हातात, पाच खेपांचे दंडात गेले. चार उरल्या. पाचपटीचा दंड इथे शिक्षा राहत नाही, तो धंद्याचा खर्च होतो, डिझेलसारखा. शिक्षेच्या कडकपणापेक्षा ती होणारच याची खात्री जास्त परिणाम करते, हे बेकारियाने १७६४ सालीच मांडलं होतं. रात्री एक मंडळ अधिकारी, एक तलाठी आणि नदीकाठी वीस माणसं, तिथे खात्री कुठून आणायची?

म्हणून कायदा वाळूवरून वाहनाकडे वळला. १९९९ साली केंद्राच्या कायद्यात नुसती वाहतूक आणि साठा हेही बेकायदा ठरवणारं कलम आलं. तोवर लक्ष खणणाऱ्यावर होतं. आता पास नसलेला ट्रकही गुन्ह्यात आला. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाची शिक्षा १९८६ नंतर दोन वर्षं किंवा पंचवीस हजार होती, ती २०१५ मध्ये पाच वर्षं आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत गेली. महाराष्ट्राने २०१७ साली कलम ४८ बदलून वाहन आणि यंत्र सरकारजमा करायची तरतूद केली, आणि सोडवायचं तर ठरावीक दंड आणि बंधपत्र. २०१८ च्या नियमांत ट्रॅक्टरला एक लाख, मोठ्या ट्रकला, डंपरला दोन लाख, उत्खनन यंत्राला साडेसात लाख. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, ते.

हे परिणामकारक आहे, नाही असं नाही. पण मला इथे एक काटा टोचतो. दंड वाहनाला आहे, आणि वाहन कुणाचं? माझा एक विद्यार्थी महसूल खात्यात होता. तो सांगायचा, "सर, ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो, चालवणारा त्याच्याच भावकीतला. ज्याने वाळू मागवली तो कधीच गाडीत बसत नाही." एक लाख हा ट्रॅक्टरवाल्याला बुडवणारा आकडा आहे. ज्याच्या दहा गाड्या रांगेत उभ्या असतात त्याला तो टोल आहे. तहसील कचेरीच्या आवारात गंजत उभे असलेले ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील, चाकांना गवत वेढलेलं. मोठ्या माणसासाठी शासनाने दुसरी वाट केली. २०१५ मध्ये एमपीडीए कायद्यात 'वाळू तस्कर' हा शब्द घातला. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्या रांगेत तो आला, आणि खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येऊ लागलं. खटल्याशिवाय कुणाला आत ठेवणं मला कधीच पटलेलं नाही, वाळूसाठीही नाही.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. खाण कायद्याखाली अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. मग पोलिस चोरीचा गुन्हा नोंदवू शकतात का? २०१४ साली दिल्ली राज्य विरुद्ध संजय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : हो. नदीतली वाळू ही राज्याची मालमत्ता, ती संमतीशिवाय नेणं हा चोरीचा स्वतंत्र गुन्हा. २०२० साली जयंत विरुद्ध मध्य प्रदेश हा पुढचा निर्णय आला. दंड भरून तडजोड झाली, तर खाण कायद्याखालचं प्रकरण मिटतं, चोरीचं मिटत नाही. दंड म्हणजे किंमत नव्हे, हे पहिल्यांदा इतकं स्पष्ट झालं. किंमत भरली की वस्तू तुमची होते. दंड भरल्यावर तुम्ही चोर उरताच.

पण चोरी कशाची? पावतीवर वाळूचा बाजारभाव असतो, ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. नदीतल्या वाळूचं काम मात्र पाणी धरून ठेवण्याचं, गाळण्याचं. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. त्या विहिरी आटल्या त्याची पाचपट कशी काढायची? दीपककुमार विरुद्ध हरियाणा या २०१२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागेल असं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न निदान दारात तरी आला. आणि दुसरी बाजूही ऐका. २०१३ मध्ये मलबारच्या जन्मी जमिनींबाबत त्याच न्यायालयाने म्हटलं, की जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचं असू शकतं, सगळंच राज्याचं असतं असा नियम नाही. म्हणजे 'बापाची' असते, काही ठिकाणी, कधी कधी. पण नदीचं पात्र आपल्याकडे तसं नाही.

एक कबुली देतो. घर बांधलं तेव्हा वाळूचा ट्रक रात्री अकराला आला. ड्रायव्हरने दिवे विझवून मागे घेतला. मी त्याला चहा दिला, पैसे दिले, पावती मागितली नाही. नीतिशास्त्राचा तास सकाळी साडेसातला होता, तो मी घेतला.

तीनेक वर्षांपूर्वी शासनाने सहाशे रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू द्यायला सुरुवात केली, म्हणजे स्वस्तात मिळाली तर चोरीची कुणाला घ्यावीशी वाटणार नाही. पुढे धोरण परत लिलावाकडे वळलं. डेपो का चालले नाहीत, यावर समोर बसलेल्यांपैकी काहींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मागच्या रांगेत एक हात वर झालेला दिसतोय. हां, बोला.