मातीचे राक्षस, घराचे राखणदार

आजच्या इराकात, टायग्रिस व युफ्रेटिस नद्यांच्या दुआबात, प्राचीन काळी दगड दुर्मिळ आणि माती मुबलक होती. घरे मातीची, लिहावयाच्या पाट्या मातीच्या. मग राक्षसही मातीचेच!

हुंबाबा हा देवदाराच्या अरण्याचा रक्षक राक्षस. गिलगमेश आणि एंकिडू या वीरांनी त्याला ठार मारले, अशी तेथील कथा आहे. त्याच्या भेसूर तोंडाचे मातीचे मुखवटे करीत. सिप्पर येथील, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा असा एक मुखवटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो तळहातावर मावेल एवढाच. पण सारा चेहरा आतड्यांच्या वेटोळ्यांचा! बळी दिलेल्या पशूची आतडी पाहून शकुन सांगण्याची विद्याच तेथे होती.

पुढे इ. स. पूर्वीच्या पहिल्या सहस्रकात पाझुझूची मुंडकी दिसू लागली. लमाश्तू नावाची राक्षसी गर्भवतींना छळते, तान्ही मुले पळविते, अशी समजूत होती. तिला पिटाळण्यासाठी पाझुझू या दुसऱ्या राक्षसाचे चिमुकले शिर बायका अंगावर बाळगीत. अशी शिरे मातीची, दगडाची, ब्राँझचीही सापडली आहेत.

राजांच्या लढाया इतिहासात ठळक अक्षरांत लिहिल्या जातात. मला मात्र ही एवढीशी मुंडकी अधिक बोलकी वाटतात. वैद्याचे उपाय थकत, तेथे आईने राक्षसालाच पहाऱ्यावर बसविले. आज आपल्या हाताशी लस आहे, प्रसूतिगृह आहे. पाळण्यातले मूल जगावे ही तळमळ मात्र तीच आहे.