निवारागृह व्यवस्थापक : काम, जबाबदाऱ्या आणि करिअर

बेघरांसाठीच्या निवाऱ्याचे रोजचे कामकाज चालवणारी व्यक्ती म्हणजे निवारागृह व्यवस्थापक. नोंदवही, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, पाणी, स्वच्छता, आजारपण, भांडणे आणि महापालिकेला द्यायचा हिशेब हे सगळे तिच्याकडे असते. या कामाची खरी कसोटी मात्र वेगळी आहे: समोरच्या फुटपाथवर झोपणारा माणूस आत यायला तयार होतो का, आणि आल्यावर टिकतो का?

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदवले गेले. त्यांपैकी ९ लाखांहून अधिक शहरांत होते. महाराष्ट्रातील आकडा सुमारे २.१ लाख होता. अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांत वर्षभर, चोवीस तास चालणारे निवारे उभारण्यास सांगितले. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा घटक आला. त्याच्या निकषांनुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि प्रत्येकामागे ५० चौरस फूट जागा हवी होती. इमारत बहुधा महापालिकेची असते आणि ती चालवण्याचे काम स्वयंसेवी संस्थेकडे दिले जाते. व्यवस्थापक साधारणपणे या संस्थेचा कर्मचारी असतो.

खाटा रिकाम्या का राहतात?

बाहेर माणसे झोपलेली आणि आत खाटा रिकाम्या, हे चित्र अनेकदा दिसते. त्यामागे ठोस कारणे असतात. स्त्री-पुरुषांचे निवारे वेगळे असले की कुटुंब तुटते. भंगार वेचणाऱ्याला हातगाडी आणि गोणी ठेवायला जागा नसते. पहाटे बाजारात हमाली करणाऱ्याला लांबचा निवारा परवडत नाही. सामान चोरीला जाण्याची भीती असते. महाराष्ट्रात १९५९ चा भीक मागणे प्रतिबंधक कायदा लागू असल्यामुळे सरकारी माणूस दिसला की ‘पकडून नेतील’ असेही वाटते.

यातल्या बऱ्याच गोष्टी व्यवस्थापकाच्या हातात असतात. कुलूपबंद कपाट देणे, दरवाजाची वेळ कामाच्या वेळेशी जुळवणे, रात्री स्वतः फुटपाथवर जाऊन बोलणे, पोलीस ठाण्याशी संपर्क ठेवणे, अशा साध्या निर्णयांवर निवारा भरतो किंवा ओस पडतो.

कागदपत्रांचे काम

पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणून रेशन, बँक खाते, पेन्शन काहीच नाही. या फेऱ्यातून बाहेर काढणे हे व्यवस्थापकाचे मोठे काम असते. कागदपत्रे नसलेल्यांना आधार नोंदणीसाठी मदत करणे, आजारी माणसाला सरकारी रुग्णालयात दाखल करणे, मुलांना शाळेत घालणे हेही त्यातच येते.

निवाऱ्यापुढचा टप्पा

काहींना छप्पर पुरत नाही, सोबतही लागते. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्ती नेहमीच्या वस्तीतील घरात चार-पाच जणांच्या गटाने राहतात आणि मदतनीस त्यांना साथ देतात. अशा घरांत भाडेकरार, औषधे आणि शेजाऱ्यांशी संबंध सांभाळणे हे व्यवस्थापनाचे मुख्य काम ठरते.

शिक्षण आणि वाटचाल

समाजकार्यातील पदवी किंवा पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) उपयोगी पडते. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था व निर्मला निकेतन आणि पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था येथे हे शिक्षण मिळते. काही जण काळजीवाहक म्हणून सुरुवात करून व्यवस्थापक होतात. पुढे अनेक निवाऱ्यांचा समन्वयक किंवा संस्थेचा प्रकल्प प्रमुख होता येते.

अनेक पदे कंत्राटी असतात आणि पगार बेताचा असतो. रात्री-अपरात्री फोन येतो. त्यामुळे माणसे लवकर सोडून जातात. व्यवस्थापक बदलला की, महिनोन्महिने बोलून आत आणलेली माणसे पुन्हा फुटपाथवर परतण्याची शक्यता वाढते. म्हणूनच या कामात टिकून राहणे हीच मोठी पात्रता मानली जाते.