वजन उतरलेले पेशंट पळून का जात होते?

अमेरिकेत सॅन दिएगोला कैसर पर्मनेंटे ही मोठी आरोग्यसंस्था आहे. १९८०च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे लठ्ठपणावरचा उपचार कार्यक्रम चालवत होते. वजनं भराभर उतरत होती. पण गंमत अशी की ज्यांचं वजन उतरत होतं, तेच लोक कार्यक्रम सोडून निघून जायचे.

एक बाई वर्षभरात १८५ किलोंवरून ६० वर आली होती. मग तीन आठवड्यांत १७ किलो परत चढले. काय झालं म्हणून विचारलं, तर कामावरच्या एका विवाहित पुरुषाने तिला नको ते सुचवलं होतं. आणि लहानपणी आजोबांनी अत्याचार केलेले. त्या वजनाआड तिला सुरक्षित वाटत होतं.

फेलिटींनी मग २८६ जणांशी सविस्तर बोलून पाहिलं. निम्म्याहून जास्त जणांनी लहानपणच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. १९९० मध्ये अटलांटाला डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तर एकाने उठून सुनावलं की हे पेशंट आपल्या फसलेल्या आयुष्यासाठी कहाण्या रचतात. (बाईने तोंड उघडलं की काय ऐकावं लागतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.)

पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, लोक ऐकत होते. तिथले डॉ. रॉबर्ट अँडा सोबत आले आणि १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून जास्त लोकांना प्रश्नावली गेली. पहिला निबंध १९९८ मध्ये छापून आला, ९,५०८ जणांच्या उत्तरांवर. प्रश्न साधे होते. घरात मारायचे का, अपमान करायचे का, कुणी अंगाशी आलं का, आईला मारहाण व्हायची का, कुणी दारुडं, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं होतं का. हेळसांड आणि आईवडील वेगळे होणं हे प्रश्न नंतर आले.

उत्तरं देणारे बहुतेक गोरे, विमा असलेले, बरेचसे कॉलेज शिकलेले. म्हणजे "हे गरिबांच्या वस्तीत चालतं" म्हणायची सोय नाही. तरी निम्म्याहून जास्त जणांच्या वाट्याला यातलं काही ना काही आलेलं. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले, त्यांच्यात हृदयविकार सुमारे दुपटीने, फुप्फुसाचा जुनाट आजार जवळपास चौपट. दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न हे तर चौपट ते बारापट.

हे शरीरात कसं उतरतं? एक रस्ता सरळ आहे: सिगारेट, दारू, खाणं. आपण ज्याला वाईट सवय म्हणतो, ती त्या माणसाने दुखण्यावर शोधलेली मात्रा असते, हे फेलिटींचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. दुसरा रस्ता आतला. सतत धास्तीत वाढलेल्या मुलाच्या शरीरात ताणाची यंत्रणा कायम चालू राहते. कॉर्टिसोलचं गणित बिघडतं, आणि बारीक सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते.

आक्षेपही आहेत. सगळं आठवणींवर आधारलेलं. शिवाय हा आकडा समूहाचा आहे, एकेका माणसाची कुंडली नव्हे. खुद्द अँडांनी २०२० मध्ये लिहून बजावलं की यावरून एखाद्याचं भविष्य सांगू नका. तेव्हा स्वतःचे गुण मोजून घाबरून जाऊ नका.

आपल्याकडे २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. दर तिघांपैकी दोघांना मार बसत होता, ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. पाच वर्षांनी पॉक्सो कायदा आला. त्या वेळी बारा वर्षांचं असलेलं मूल आज तिशीत आहे. छातीत धडधडतं म्हणून ते दवाखान्यात जाईल, तेव्हा केसपेपरवर बीपी लिहिलं जाईल, शुगर लिहिली जाईल, आईवडिलांना डायबिटीस आहे का तेही विचारलं जाईल. लहानपण कसं गेलं, ही ओळ त्या कागदावर अजून नाही.