खानदेशातील नळजोडणी आणि निमुळत्या आट्यांचे मापन

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली लंडनच्या सिव्हिल एंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचून ५५ अंश कोनाचे एकरूप आटे सुचविले, ही हकीगत यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. परंतु नळांच्या टोकांवर पाडल्या जाणाऱ्या निमुळत्या आट्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. ज्या प्रदेशाचे जीवन विहिरीवर व नळावर चालते, त्याने तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

बोल्टाच्या आट्याने केवळ धरून ठेवावयाचे असते. नळाच्या आट्याला धरणे आणि अडविणे अशी दोन कामे करावी लागतात. म्हणून तो पाचरीसारखा केलेला असतो. जितका आत जाईल तितका आवळत जातो. ब्रिटिश पद्धतीत लांबीच्या १६ भागांमागे व्यास १ भागाने वाढतो. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज यांची जी पद्धती १८८६ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, तिच्यातही निमुळतेपणा हाच आहे. मात्र आट्याचा कोन ६० अंशांचा आहे. अर्ध्या इंची नळावर दोन्ही पद्धतींत इंचास १४ आटे येत असल्यामुळे एकाचा नळ दुसऱ्याच्या सॉकेटात बसतो खरा, पण नीट अडवीत नाही. (अर्ध्या इंची म्हणविणाऱ्या या नळाचा आट्यांवरील व्यास २०.९५५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक असतो! १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली तरी हे जुने नाव बाजारातून गेले नाही.)

अशा आट्याची अचूकता मोजावयाची कशी? सरळ आट्याला एक व्यास असतो. निमुळत्याला प्रत्येक ठिकाणी निराळा. यावर निघालेला तोडगा फार चतुर आहे. प्रमाण वलय, कारागिरांच्या भाषेत रिंग गेज, नळावर हाताने फिरवावयाचे व ते कोठे थांबते हे पाहावयाचे. व्यासातील दोष येथे लांबीत सोळापट मोठा होऊन दिसतो. एक इंची नळावर नळाच्या मुखापासून १०.४ मिलिमीटर अंतरावर प्रमाण व्यास यावा आणि फरक एका फेऱ्याहून, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटरहून, अधिक नसावा असा दंडक आहे. म्हणजे व्यासात सुमारे ०.१४ मिलिमीटरची सवलत झाली. भारतीय मानक संस्थेने (स्थापना १९४७) आय. एस. ५५४ या मानकात हीच आट्यांची पद्धती स्वीकारली.

तथापि या सोयीतच एक खोच आहे. वलय योग्य जागी थांबले म्हणजे आटा निर्दोष, असे सिद्ध होत नाही. समजा, डाय झिजून नळाचा निमुळतेपणा १६ ऐवजी १५ भागांस १ झाला. वलय मोठ्या व्यासाकडे टेकेल आणि खूण बरोबर दाखवील, परंतु मुखाकडचे आटे मोकळेच राहतील. आट्यांच्या अंतरातील दोष याहूनही फसवा असतो. ५५ अंशांच्या आट्यात अंतर ०.०१ मिलिमीटरने चुकले तर व्यास सुमारे ०.०१९ मिलिमीटरने बदलल्यासारखा भासतो आणि वलय ०.३ मिलिमीटर अलीकडे थांबते. नळ मुळात किंचित बारीक असेल तर हे दोन दोष परस्परांस झाकतात आणि माल पसंत होतो. म्हणून खरी परीक्षा करावयाची तर आट्यांत बारीक तारा बसवून दोन ठिकाणी व्यास घ्यावे लागतात व आट्यांचे अंतर वेगळे मोजावे लागते. पहिल्या महायुद्धात टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत दारूगोळ्यासाठी लागणारी मापके तपासली जाऊ लागली, तेव्हा दोषांची अशी फोड करण्याची शिस्त रुळली. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील महत्त्वाची पायरी हीच होय. वलय हे निवाड्याचे साधन आहे, निदानाचे नव्हे.

खानदेशात वाफेचे नळ आले ते रेल्वे, सरकी काढण्याचे कारखाने व गिरण्या यांच्याबरोबर. फिटरची तपासणी हाताच्या अंदाजाची असे, आणि राहिलेली फट सुतळी व सफेदा भरून काढीत. वाफ गळली तर डोळ्यांना दिसे. कूपनलिकेत मात्र गळती दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खडक फोडून कूपनलिका घेण्याचे काम वाढले. धुळ्याकडील काळ्या पाषाणात हे खोदकाम करावे लागे, तर जळगावकडील रावेर-यावल भागात तापीच्या गाळाचे खोल थर आहेत. सोलापूर पंपावरून घडविलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपात तीन-तीन मीटरचे लोखंडी नळ एकाखाली एक जोडतात. पंप ३० मीटर खोल असेल तर दहा नळांचे सांधे पाण्यात व अंधारात राहतात. एक सांधा झिरपला तरी वर ओढलेले पाणी परत खाली उतरते, आणि बाई दांडा हलवीत उभी राहते.

भवरलाल जैन यांनी १९८० साली जळगावात पीव्हीसी नळांचे उत्पादन सुरू केले आणि या मापनापुढे नवा प्रश्न आला. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. या २५ अंशांत एक इंची आट्याचा व्यास प्लॅस्टिकमध्ये सुमारे ०.०५८ मिलिमीटरने वाढतो, पोलादी वलयाचा जेमतेम ०.०१ ने. परिणामी वलय पाऊण मिलिमीटर अलीकडेच, म्हणजे एक तृतीयांश फेरा आधी थांबते. सवलतीचा तिसरा हिस्सा उन्हानेच खाल्ला. शिवाय लोखंडी निमुळता आटा प्लॅस्टिकच्या सॉकेटात पाना लावून आवळला तर ती पाचर सॉकेट उभे चिरते. म्हणून अशा जोडणीत बाहेरचा आटा प्लॅस्टिकचा व सॉकेट धातूचे ठेवणे बरे. मोजावयाचे नग आणि वलय काही तास एकाच थंड खोलीत ठेवून मगच हात लावावा, हा मापनशाळेतील जुना नियम पोलादाच्या नगांनाही लागू होता. प्लॅस्टिकच्या बाबतीत तो मोडला, तर चुकीच्या मोजणीने चांगला माल नापसंत होतो आणि बारीक नळ पसंत होऊन शेतात जातो.