कजा (चुकलेल्या उपासनेची भरपाई)

कजा : ठरलेल्या वेळी राहून गेलेली नमाज किंवा रोजा नंतर अदा करण्याची इस्लामी रीत. झोपेमुळे वा विसरून नमाज राहिली, तर आठवण होताच ती पढावी, या आशयाची हदीस तिचा मुख्य आधार. फिकह (इस्लामी विधिशास्त्र) चुकीकडे थकलेल्या देण्यासारखे पाहते. देणे फेडावे लागतेच. मुद्दाम चुकवल्याच्या पापासाठी तौबा (पश्चात्ताप) वेगळी. या दोन गोष्टींची सरमिसळ बोलण्यात फार होते.

ही भरपाई कशी करायची, ते फिकहच्या मजहबानुसार (पंथानुसार) बदलते. मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी मजहबाचे, तर कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. त्यामुळे एकाच चुकीची दुरुस्ती परभणीत एक आणि रत्नागिरीत दुसरी, असे घडते. हनफी मतात वित्र ही रात्रीची नमाज वाजिब (आवश्यक) असल्याने एका दिवसाच्या कजा नमाजा 20 रकातींच्या होतात : फर्ज (अनिवार्य) 17, वित्र 3. शाफईंच्या लेखी वित्र सुन्नत (ऐच्छिक), म्हणून 17 पुरेत. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना व मावळताना हनफी कजा पढत नाहीत. शाफईंना या वेळीही ती पढण्याची मुभा आहे. प्रवासात राहिलेली चार रकातींची नमाज हनफी घरी परतल्यावरही दोनच रकात पढतो, शाफई पूर्ण चार. हा प्रवासही साधारण 77 किमी.हून लांबचा हवा; परभणीहून नांदेडला जाऊन येणारा त्यात बसत नाही.

वर्षानुवर्षांच्या थकबाकीला ‘कजा-ए-उमरी’ म्हणतात. बालिग (वयात आलेला) झाल्यापासून किती नमाजा राहिल्या याचा प्रामाणिक अंदाज बांधायचा आणि प्रत्येक वेळी ‘माझ्या जिम्म्याची सर्वांत पहिली फजर (पहाटेची नमाज)’ अशी नियत (संकल्प) करायची, म्हणजे तारीख आठवण्याची गरज उरत नाही. सहापेक्षा कमी नमाजा बाकी असलेल्याला हनफी फिकह ‘साहिबे तरतीब’ मानते; त्याने त्या क्रमानेच फेडायच्या. मासिक पाळीत राहिलेल्या नमाजांची कजा नाही, रोजांची मात्र आहे.

नमाज चालू असताना झालेली चूक तिथेच सुधारता येते. दोन रकातींनंतर बसायचे विसरून उभा राहिलेला नमाजी शेवटी ‘सजदा-ए-सहव’ करतो : हनफी एका बाजूला सलाम फिरवून दोन सजदे करतात, शाफई सलामाआधी. फर्जच सुटला आणि भरून निघाला नाही, तर मात्र नमाज पुन्हा पढावी लागते. इमाम अडखळला की मागून ‘लुकमा’ दिला जातो, म्हणजे चूक सुचवली जाते. रमजानच्या रात्रीच्या तरावीह नमाजेत हाफिजच्या (कुराण मुखोद्गत असलेल्याच्या) मागे कुराण पाठ असलेला ‘सामे’ याचसाठी उभा असतो. शेकडो लोकांसमोर झालेली चूक तिथल्या तिथे, कुणाचा अपमान न होता सुधारण्याची ही सोय दाद देण्याजोगी आहे.

रोजाची कजा एकास एक. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात आजारपणामुळे सुटलेला रोजा डिसेंबरच्या छोट्या दिवशी ठेवला तरी चालतो. दोन्ही ईद व बकरी ईदनंतरचे तीन दिवस वर्ज्य. विसरून खाल्ले तर हनफी व शाफई दोघांच्याही मते रोजा तुटत नाही. जाणूनबुजून खाऊन तोडल्यास हनफी कजेबरोबर कफ्फाराही सांगतात : सलग 60 रोजे, ते न झेपल्यास 60 गरिबांना जेवण. शाफईंच्या मते खाण्यापिण्यासाठी कफ्फारा नाही, तो फक्त रमजानच्या दिवसा झालेल्या शरीरसंबंधासाठी. बरे होण्याची आशा नसलेल्या वृद्धासाठी रोजाऐवजी फिदिया (भरपाईचे दान). हनफी हिशेबात रोजामागे सुमारे 1.6 किलो गहू किंवा त्याची किंमत. नमाज-रोजांप्रमाणेच जकातीची (अनिवार्य दानाची) थकबाकीही मागील वर्षे मोजून द्यावी लागते.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी चार रकात पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते, असा समज भारतात पुष्कळ ठिकाणी रुजला. लखनौच्या फिरंगी महल घराण्यातील आलिम (धर्मपंडित) अब्दुल हई लखनवी (1848–1886) यांनी त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दुसऱ्या टोकाला इब्न हज्म आणि इब्न तैमिया हे मध्ययुगीन आलिम : त्यांच्या मते मुद्दाम सोडलेल्या नमाजेची कजाच होत नाही, तौबा करून नफिल (ऐच्छिक) नमाजा वाढवाव्यात. अहले हदीस पंथातील अनेक आलिम हेच मत मांडतात. चारही सुन्नी मजहबांचे बहुमत मात्र कजेच्या बाजूने आहे.