पहाटे चारची साथ

मैफल संपली की लोक विचारतात, "कोण गायलं?" "साथीला कोण होतं?" हे विचारणारे मोजकेच. मला ही दुसरी खोड आहे, आणि ती रॉकच्या अल्बमपर्यंत माझ्यासोबत येते. म्हणून आज बॉब डिलनच्या 'ब्लाँड ऑन ब्लाँड'बद्दल (१९६६) लिहायचं आहे, पण डिलनच्या थोडं मागे बसलेल्या माणसांकडे बघत. डिलनच्या शब्दांवर पानंच्या पानं लिहून झाली आहेत, २०१६ साली साहित्याचं नोबेलही मिळालं. त्या शब्दांखाली जमीन कोणी धरली, हा माझा प्रश्न.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकगीतवाल्या श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर ऑक्टोबर ते जानेवारी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नव्या अल्बमची खटपट चालली. बँड उत्तम होता, तरी इतक्या महिन्यांत अल्बममध्ये जाण्यासारखं एकच गाणं हाती लागलं. तेव्हा निर्माता बॉब जॉन्स्टन याने सुचवलं, नॅशव्हिलला जाऊ या.

नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरी. न्यूयॉर्कच्या कवी मंडळींनी नाक मुरडावं असं गाव. पण जॉन्स्टनने त्याची चव डिलनला आधीच दाखवून ठेवली होती. ऑगस्ट १९६५ मध्ये चार्ली मॅकॉय नावाचा नॅशव्हिलचा वादक जागतिक प्रदर्शन बघायला न्यूयॉर्कला आला होता. जॉन्स्टनने त्याला स्टुडिओत बोलावलं, हातात गिटार दिली, आणि तो 'डेसोलेशन रो' या अकरा मिनिटांच्या गाण्यावर वाजवून मोकळा झाला.

आता नॅशव्हिलची कामाची पद्धत ऐका. तिथे सगळं घड्याळावर चालायचं. एक सेशन तीन तासांचं, आणि त्यात तीन-चार गाणी उरकायची. गाणं एक-दोनदा ऐकायचं, कागदावर आकड्यांत टिपायचं आणि वाजवायचं. हे आकडे मोठे गमतीचे. कॉर्डचं नाव न लिहिता मूळ स्वरापासून तो कितवा, तेवढंच लिहायचं. आपल्याला हे सांगायला नको! काळी दोनमध्ये गा नाहीतर पांढरी चारमध्ये, सरगम तीच राहते. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली आणि मॅकॉयसारख्या वादकांनी ती रुळवली.

'मुरलेले वादक' म्हटलं की पिकल्या केसांची माणसं डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र मॅकॉय डिलनपेक्षा जेमतेम दोन महिन्यांनी मोठा, म्हणजे चोवीस वर्षांचा. ड्रमवरचा केनी बट्रे तर विशीचा! पियानोवर हार्गस रॉबिन्स, लहानपणीच दृष्टी गेलेला. मॅकॉय, बट्रे आणि गिटारवाला वेन मॉस हे 'एस्कॉर्ट्स' नावाच्या एकाच बँडमधले. कंट्रीच्या गावात राहून ही पोरं रिदम अँड ब्लूज वाजवत होती. मुरणं वयाने येत नाही, रोज वाजवून येतं.

१५ फेब्रुवारी १९६६ च्या संध्याकाळी मंडळी स्टुडिओत जमली. डिलन म्हणाला, गाणं अजून पुरं झालं नाही. आणि तो लिहीत बसला. तास गेले. वादक पत्ते खेळले, पेंगले, कॉफी प्याले. पैसे मिळत होते, पण अशी चैन त्या गावाने पाहिली नव्हती. पहाटे चारच्या सुमाराला बोलावणं आलं. डिलनने ढोबळ चाल सांगितली आणि गाणं सुरू झालं, 'सॅड आईड लेडी ऑफ द लोलँड्स'.

त्या काळी गाणं म्हणजे तीन मिनिटं. दुसरं कडवं झालं, धृपद आलं, आता शेवट म्हणून सगळ्यांनी जोर चढवला. तर डिलनने माउथऑर्गन वाजवला आणि पुढचं कडवं सुरू केलं! पुन्हा धृपद, पुन्हा चढण, पुन्हा कडवं. बट्रेने नंतर सांगितलं आहे की वाजवता वाजवता तो घड्याळाकडे बघायला लागला होता. गाणं अकरा मिनिटांवर गेलं आणि लाँग प्लेची एक अख्खी बाजू त्याने व्यापली.

हे गाणं मी जेव्हा ऐकतो तेव्हा मला ती चढण-उतरण ऐकू येते. शेवट कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसं दर धृपदाला शेवट समजून जीव ओततात, आणि तो आला नाही की न चिडता लय खाली आणतात. एकही माणूस घाई करत नाही. गाण्याला जी लाटेसारखी गती आहे ती कागदावर लिहिलेली नव्हती. डिलनला हवं ते स्वातंत्र्य घड्याळावर काम करणाऱ्या लोकांनी दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. शिस्त अंगात इतकी भिनलेली, की शिस्त मोडणाऱ्यालाही ती सांभाळून घेते. हीच साथ, दुसरं काय?

अल्बमच्या वेष्टनावर या वादकांची नावं छापली गेली. कोण कुठल्या गाण्यात, ते नाही, नुसती यादी. पण एरवी पडद्यामागे राहणाऱ्यांसाठी एवढंही खूप होतं. पुढे रॉकवाल्यांनी नॅशव्हिलची वाट धरली. नील यंगने १९७१ मध्ये तिथेच 'हार्वेस्ट'ची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ड्रमवर होता हाच केनी बट्रे.

बट्रे २००४ मध्ये गेला, रॉबिन्स २०२२ मध्ये. तुमच्याकडे हा अल्बम असेल तर एकदा शब्द बाजूला ठेवून ऐका. ड्रमवरचा तो विशीचा पोरगा, पहाटे चार वाजता, शेवटाची वाट बघतोय... आणि लय कुठे हलत नाही.